साहेबाची फ्रेंच जमीनदारी

फ्रान्सच्या खेड्यात घर घेणाऱ्या ब्रिटिश साहेबाला कारण विचारलं, तर तो तीन उत्तरं देतो: ऊन, वाइन आणि स्वस्ताई. तिन्ही तो मनापासून देतो आणि तिन्ही खोटी असतात. उन्हाचीच ओढ असती तर त्यानं सरळ स्पेनचा किनारा गाठला असता. पण हा गडी घर घेतो ते नॉर्मंडीत, ब्रिटनीत, नाहीतर लिमुझँमध्ये. आणि तिथली कुरणं बाराही महिने हिरवीगार का असतात, हे निदान इंग्लंडात वाढलेल्या माणसाला तरी सांगावं लागू नये. वाइन त्याच्या घराजवळच्या सुपरमार्केटात मिळते. राहिली स्वस्ताई. तिचा हिशेब पुढे येईलच. तूर्त एवढंच, की ज्याला पैसे वाचवायचे असतात तो दोन माणसांसाठी अकरा खोल्यांचं, छप्पर गळणारं दगडी घर घेत नाही. माझं म्हणणं असं, की साहेबाला जमीनदार व्हायचं असतं आणि ते इंग्लंडात या जन्मी जमणारं नसतं.

साहेब म्हणजे कुणी लॉर्ड नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तो केंटमधला निवृत्त शाळामास्तर असतो किंवा विमा कंपनीतला अधिकारी. जन्मभर तो शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरात राहिला. पुढे दोन गुलाब आणि मागे सतरंजीएवढं गवत. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून, बायकामुलांना घेऊन, तो कुठल्यातरी उमरावाचा वाडा बघून यायचा. दोरीच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या दिवाणखान्याकडे बघताना त्याच्या मनात जे रुजलं, ते पेन्शन सुरू झाल्यावर फ्रान्समध्ये उगवतं. पुरावा हवा तर त्याची खरेदी बघा. न्हाणीघरं किती, हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो जमीन किती. धान्याचं कोठार हवं, विहीर हवी, ओकची चार जुनी झाडं हवीत, आणि कबुतरखान्याचा दगडी मनोरा असेल तर मडमीण भावाची घासाघीस तिथेच थांबवते. या मनोऱ्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या बऱ्याच भागांत कबुतरखाना ठेवण्याचा हक्क फक्त जमीनदाराला असे. त्याची कबुतरं कुळांचं पेरलेलं बी टिपायची आणि कुळांनी ते बघत बसायचं. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री व्हर्सायमध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेनं सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यात हाही गेला. फ्रेंच शेतकऱ्यानं क्रांती करून जे काढून टाकलं, त्यासाठी केंटचा मास्तर आज जास्तीचे पैसे मोजतो.

आता हे घर रिकामं का होतं, याची चौकशी साहेब करत नाही. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेपासून फ्रान्समध्ये मुलांचा हिस्सा बापाला मोडता येत नाही. दोन मुलं असतील तर दोन तृतीयांश मालमत्ता त्यांचीच. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत एका घराला नऊ मालक होतात: एक ल्यॉनला, एक कॅनडात, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. विकायचं तर साधारणपणे सगळ्यांच्या सह्या लागतात. भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ती एकदाची मिटते, कारण साहेबाची रक्कम ऐकून शत्रूही एका बाकावर येऊन बसतात. मग नोतेर नावाचा, सरकारनं नेमलेला कायदेपंडित दस्त करतो. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा नोतेर एकच असू शकतो, हे ऐकून साहेबाचा चहा थंड होतो. साठेखत झाल्यावर खरेदीदाराला दहा दिवसांत विनाकारण माघार घेता येते. शहाण्या माणसासाठी ठेवलेली ही पळवाट साहेब कुंपणाचा रंग ठरवण्यात घालवतो. जमीन शेतीची असेल तर साफेर ही 1960 च्या कायद्यानं उभी राहिलेली संस्था मध्ये येते. ती दोन महिन्यांत 'आम्हीच घेतो' म्हणू शकते आणि जमीन एखाद्या तरुण शेतकऱ्याला देऊ शकते. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन मिळवताना जे सायास पडतात त्या मानानं हे सौम्यच, पण मालकीच्या स्वप्नाला पहिला खडा इथे लागतो. शेवटी नोतेर खरेदीखत मोठ्यानं वाचून दाखवतो. चतुःसीमा, शेजाऱ्याची वहिवाट, अर्ध्या मैलावरचा ओढ्याकाठचा एक पट्टा जो का कोण जाणे याच घराला जोडलेला आहे. साहेब मान हलवत राहतो. दुभाषा भाषांतर करत असतो, पण साहेबाची नजर खिडकीतून ओकच्या झाडांकडे असते. जुन्या घराच्या किमतीवर सात-आठ टक्के खर्च आणखी चढतो आणि त्यातला बहुतेक वाटा कर म्हणून सरकारजमा होतो.

तेव्हा स्वस्ताईचा हिशेब असा. मैलापाण्याची टाकी नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर वर्षभरात नवी बसवावी लागते. तुळयांना भुंगा लागलेला असतो. गवंडी 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो आणि कुठल्या आठवड्याच्या पुढच्या, ते सांगत नाही. सगळ्यात रंगतदार प्रकरण कुरणाचं. पाच एकर गवत म्हणजे काय हे साहेबाला मे महिन्यात कळतं. तो बसून चालवायचं कापणीयंत्र घेतो, त्यावर जमीनदाराच्या थाटात बसतो, आणि जूनपर्यंत यंत्राचा गडी होतो. तेवढ्यात शेजारचा शेतकरी म्हणतो, माझ्या गाई चरू देत, वर्षाकाठी थोडे पैसे देईन. साहेब हरखतो, खंड येणार! मात्र फ्रेंच कायद्यात असा तोंडी व्यवहारही शेतीचा भाडेपट्टा ठरू शकतो, मोबदला रोख असो की वस्तुरूपात. मुदत किमान नऊ वर्षं, पुढे नूतनीकरणाचा हक्क, वर जमीन विकायला काढली तर विकत घेण्याचा पहिला हक्कही त्याचाच. थोडक्यात, साहेबाच्या जमिनीला कूळ लागतं. आपल्या आजोबांच्या पिढीनं ज्या दोन शब्दांच्या धसक्यानं झोप घालवली, ते सुख साहेब पदरमोड करून मिळवतो. पण जमीनदार व्हायचंच होतं ना!

यावर कुणी म्हणेल, हसता काय, हे लोक गरिबांच्या खेड्यांत पैशाच्या जोरावर घुसून भाव चढवतात. आरोप निम्मा खरा आहे. दॉर्दोन्यमधल्या देखण्या गावांत स्थानिक तरुण जोडप्याला घर परवडेनासं होतं, हे नाकारता येत नाही. पण क्रझकडे बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या जिल्ह्यात पावणेतीन लाखांवर माणसं होती, आज सव्वा लाखही नाहीत. तिथल्या पडक्या घरावर दुसरा बोली लावणाराच नसतो; साहेबानं कौलं चढवली नाहीत तर ते आणखी दोन पावसाळ्यांत भुईसपाट होणार. दुसरा आक्षेप, की ते मिसळत नाहीत, आपली छोटी इंग्लंडं वसवतात. एमे या गावात क्रिकेट क्लब आहे हे खरं. मात्र ब्रेक्झिटआधी फ्रान्सच्या ग्रामपंचायतींत सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य निवडून आलेले होते आणि 2020 च्या निवडणुकीत त्यांना उभंच राहता आलं नाही, हेही तितकंच खरं. आणि कोंबड्याच्या आरवण्यावरून 2019 मध्ये ज्यांनी ओलेराँ बेटावर गाजलेला खटला लढवला, ते सुट्टीतल्या घराचे मालक इंग्रज नव्हतेच, लिमोजहून आलेले फ्रेंच होते. कोर्टानं मोरीस नावाच्या त्या कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार: जमीनदारीबिमिनदारी काही नाही, बिचारे पुस्तकं वाचून फसतात. पीटर मेलचं प्रोव्हान्समधल्या एका वर्षावरचं पुस्तक 1989 मध्ये आलं आणि त्यानंतर रीघ लागली, असं सांगतात. पण त्या पुस्तकात दुसरं आहे काय? वर्षभर न संपणारं घरकाम आणि वेळ न पाळणारे कारागीर. वाचकाला इतकं स्पष्ट सांगूनही तो जात असेल तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. त्याला तेच हवं होतं. लंडनच्या घरात नळ गळला तर तो भाडेकरूसारखा वैतागतो; इथे छप्पर कोसळलं तरी 'माझं छप्पर' म्हणून फोटो पाठवतो. 1152 मध्ये नैर्ऋत्य फ्रान्समधल्या अक्विटेनच्या एलेनोरनं इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न केलं तेव्हा तो मुलूख इंग्रजांकडे आला, 1453 मध्ये कास्तियाँच्या लढाईत गेला. त्यानंतरची ही परतफेड मला तरी सभ्य वाटते: तलवार नाही, तोफ नाही, प्रत्येक बांधाचे पैसे रोख.

ब्रेक्झिटनं यात एक गंमत केली. 2021 पासून तिथला रहिवासी नसलेल्या साहेबाला 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. जास्त राहायचं तर व्हिसा. गवताला मात्र ही अट लागू नाही, त्यामुळे दर मुक्कामाची सुरुवात कापणीनं होते. तेव्हा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला त्याच्याकडून आमंत्रण आलं तर जरूर जा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागेल आणि त्यासाठी यजमानाच्या गावच्या महापौर-कचेरीतून राहण्याचा दाखलाही लागू शकतो. सामानात जुने कपडे असू द्या, हातमोजे न्या, आणि 'काही मदत करू का' असं चुकूनही विचारू नका.