पडद्यावरची भाऊबंदकी

लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य. पहिल्या भेटीत लिनक्सवाला हे ऐकवतो. दुसऱ्या भेटीत तुम्ही कुठला डेस्कटॉप वापरता, ते विचारतो. तिसरी भेट होणार की नाही, हे तुमच्या उत्तरावर अवलंबून.

खालचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यांचा एकच. फायली त्याच, कमांड त्याच. मग वाद कशावर? मेन्यू वर असावा की खाली, बटणं डावीकडे की उजवीकडे, यावर. भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात, इथे टास्कबारवरून.

सुरुवात चांगल्या हेतूनंच झाली होती. १९९६ साली मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याला खटकलं, की युनिक्सवरचा एक प्रोग्राम दुसऱ्यासारखा दिसत नाही आणि वागतही नाही. सगळं एकसारखं करू या म्हणून त्यानं केडीई या डेस्कटॉपचा घाट घातला. सगळं एकसारखं व्हावं म्हणून! आज बाजारात डझनभर डेस्कटॉप आहेत.

केडीई क्यूटी नावाच्या ज्या लायब्ररीवर उभं होतं, तिचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन जोडगोळीनं ग्नोम सुरू केलं. २००० साली क्यूटीही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली. भांडणाचं कारणच मिटलं.

भांडणाला कारण लागतं, असं कुणी सांगितलं?

ग्नोमवाल्यांचा बाणा वेगळा. तुम्हाला काय नको, ते त्यांना आधी कळतं. २०११ साली ग्नोम ३ आलं आणि खिडकी लहान-मोठी करायची बटणं गेली. २०१८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले. हवं असेल तर एक्स्टेंशन टाका म्हणाले. लोकांनी टाकली. मग नवी आवृत्ती आली आणि एक्स्टेंशन बंद पडली. साधेपणा टिकवायला मेहनत लागतेच.

केडीईवाल्यांचं याच्या नेमकं उलट. तिथे सगळंच बदलता येतं. पॅनेलची उंची, सावलीची दाटी, खिडकी उघडताना ती थरथरावी का, सरकावी का. सेटिंगमध्येही शोधायची पेटी द्यावी लागते, यातच सगळं आलं. रविवारी सकाळी बसलेला माणूस रात्री उठतो. काम? ते सोमवारी करू.

तिसरे एक्सएफसीईवाले. यांचं चिन्ह उंदीर आणि गतीच्या बाबतीत श्रद्धा कासवावर. ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ यायला २०१९ उजाडलं. चार वर्षं नवी आवृत्तीच नाही! दुसरीकडे याची तक्रार झाली असती. इथे तीच जाहिरात.

आता फुटीचा हंगाम पाहा. ग्नोम ३ आवडलं नाही म्हणून ग्नोम २ जपणारं मेट निघालं. मेटही नको, दिसायला जुनं पण आतून नवं हवं, म्हणून लिनक्स मिंटनं सिनॅमन काढलं. केडीई ४ रुचलं नाही त्यांनी केडीई ३.५ ला ट्रिनिटी नावानं जिवंत ठेवलं. जगभर लोक भविष्यासाठी संगणक घेतात. लिनक्सवाले भूतकाळ परत मिळावा म्हणून कोड लिहितात.

उबुंटू या लिनक्सच्या अवतारानं तर कमालच केली. २०१० साली खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेली. लोक खवळले. संस्थापक मार्क शटलवर्थनं सुनावलं, की ही लोकशाही नव्हे, डिझाइनचे निर्णय मतदानानं होत नसतात. पुढच्या वर्षी युनिटी नावाचा स्वतःचाच डेस्कटॉप सगळ्यांच्या माथी मारला. २०१७ मध्ये तो गुंडाळला, पुन्हा ग्नोम आणलं आणि बटणंही परत उजवीकडे आली.

मतदान नव्हतंच. निकाल मात्र लागला.

सामान्यांचं सोडा, लिनक्सच्या जन्मदात्याला तरी कुठे ठरवता आलं? लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये ग्नोमला झोडपलं आणि लोकांना केडीई घ्यायला सांगितलं. केडीई ४ बघून तो ग्नोमकडे गेला. ग्नोम ३ बघून एक्सएफसीईकडे. २०१३ पर्यंत स्वारी पुन्हा ग्नोमवर. आपल्या आमदारांनाही एवढ्या फेऱ्या मारताना दोनदा विचार करावा लागतो.

या सगळ्यांहून पोचलेली जमात म्हणजे टायलिंगवाले. यांना डेस्कटॉपच नको. खिडक्या एकमेकींवर चढता कामा नयेत, माउसला हात लागता कामा नये. मग पडद्यावर काय असतं? झकास वॉलपेपर आणि संगणकाची माहिती सुबक मांडून दाखवणारं निओफेच. फोटो काढायचा, मिरवायचा, पुन्हा रंग बदलायचे. २०२४ मध्ये निओफेचचा कारभार त्याच्या कर्त्यानं बंद केला आणि आपण शेतीला लागलो, असं लिहून ठेवलं.

या प्रकरणातला एकमेव शहाणा.

मेमरीचा हिशेबही ऐकण्यासारखा. बत्तीस जीबी रॅम असलेला गडी छाती फुगवून सांगतो, माझा डेस्कटॉप पाचशे एमबीसुद्धा खात नाही! मग तो ब्राउझर उघडतो. चाळीस टॅब. पुढचं विचारू नये.

दुखणं खरं तर साधं आहे. ज्या डेस्कटॉपवर पहिल्यांदा हात बसला, तोच माणसाला ‘नैसर्गिक’ वाटतो. पण ‘मला याची सवय आहे’ एवढंच म्हटलं, तर वाद दोन मिनिटांत आटोपेल. म्हणून हाच आधुनिक, हाच हलका, हाच कामसू, असं म्हणायचं. सवयीला सिद्धांताचा फेटा बांधला, की मिरवणूक काढता येते.

आणि मिरवणूक जाते कुठे? ब्राउझरकडेच. केडीईच्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं गेलं. ॲपलनं ते उचलून सफारी केला, त्या इंजिनाचं वेबकिट झालं. त्यावर २००८ मध्ये गूगलचा क्रोम उभा राहिला आणि २०१३ मध्ये गूगलनं आपली शाखा ब्लिंक म्हणून वेगळी काढली. म्हणजे ग्नोमचा कट्टर भक्त क्रोममध्ये बसून केडीईला शिव्या देतो, तेव्हा त्या शिव्या कुणाच्या वंशजाच्या पाठीवर बसून दिल्या जातात?

मधल्या मध्ये मरतो तो नवखा. बिचारा एवढंच विचारतो, की यातला कुठला घेऊ? उत्तरं येतात दहा, प्रत्येकात उरलेल्या नवांची निंदा. तो सगळं वाचतो, आभार मानतो आणि विंडोज पुन्हा टाकतो. मग हीच मंडळी दरवर्षी विचारतात, लिनक्स डेस्कटॉपचं वर्ष उगवणार कधी?

अहो, कुठे कुठे ते उगवलंय, तुम्हाला वर्दी दिली नाही एवढंच. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर धडे गिरवताहेत. २०२२ पासून स्टीम डेक नावाचा हातात धरायचा गेमिंग संगणक लाखोंनी खपला. त्याच्या डेस्कटॉप मोडमध्ये निघतं चक्क केडीई प्लाझ्मा. घेणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि ठाऊक असलं तरी त्यांना काय फरक पडतो? ते गेम खेळतात.

लिनक्सचा प्रसार त्यांनीच केला, ज्यांना त्यावर मत नव्हतं.