सारस, आपण आणि मधली म्हैस

महाराष्ट्रात सारसाचा फोटो काढायचा तर गोंदियालाच यावं लागतं. शेजारच्या भंडारा-चंद्रपुरात एखाददुसरा दिसतो. पलीकडे बालाघाटात, मध्य प्रदेशात, त्यांची भावकी आहे. बाकी राज्यात कॅमेरा कितीही महागाचा असला तरी समोर सारस नसतो. गोंदिया जिल्ह्यातही गेल्या काही वर्षांत गणनेचा आकडा चाळिशीच्या आतच राहिला आहे. त्यामुळे हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सारस कमी आणि लेन्सा जास्त होतील की काय, अशी रास्त शंका येते. पुढचं मार्गदर्शन ही शंका गृहीत धरूनच वाचावं.

इच्छुकाने महाराष्ट्र एक्स्प्रेसने यावं. पुण्याहून निघालेला माणूस गोंदियाला उतरेपर्यंत त्याच्या अंगातला उत्साह बराचसा निघून गेलेला असतो, आणि सारसाला असाच माणूस आवडतो. कपडे साधे घालावेत. पानाफांद्यांच्या छापाचा लष्करी पोशाख घालून धुऱ्यावरून सरपटणारी व्यक्ती सारसाला अगोदर दिसते, गावाला त्यानंतर, आणि देवरी-सालेकसाकडच्या भागात तर पोलिसांनाही दिसते. सारसाला धोतर, बनियन आणि खांद्यावरचा दुपट्टा या वेशाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. तो वेश करून चिखलणी चाललेल्या बांधीतून माणूस गेला तर तो मानही वर करत नाही. आपण मात्र तो वेश करू नये. आपल्या चालण्यावरून त्याला लगेच कळतं.

आता मुख्य विषय, म्हणजे चौकट. छायाचित्रणाच्या पुस्तकात एक-तृतीयांशाचा नियम असतो. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग पाडायचे आणि रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पक्षी ठेवायचा. गोंदियात हा नियम आपोआप पाळला जातो. पहिल्या भागात नर, तिसऱ्या भागात मादी आणि मधल्या भागात म्हैस. म्हैस हलवता येत नाही. हलवायला जावं तर सारस हलतात आणि म्हैस राहते. अशा वेळी आडवी चौकट धरून म्हशीला सन्मानाने सामावून घ्यावं. या तिघांचा शेजार आपल्या छंदापेक्षा कितीतरी जुना आहे.

सारस म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. चांगला वाढलेला सारस पावणेदोन मीटरच्या घरात जातो. राखाडी अंग, लालभडक डोकं आणि मान, त्याखाली लांब लालसर पाय. या पायांचा आपल्या मार्गदर्शनाशी निकटचा संबंध आहे. नवशिक्याच्या शंभरातल्या नव्वद फोटोंत ते घोट्यापाशी कापलेले असतात, कारण त्याने नजर डोक्यावर ठेवलेली असते. पाय कापायचेच असतील तर मुळापासून कापून फक्त मान आणि डोकं घ्यावं. अर्धवट कापलेल्या पायाचा सारस धानात रुतून बसल्यासारखा दिसतो.

पाय पूर्ण हवे असतील तर हंगाम निवडावा. श्रावणात धान वाढलेलं असतं. तेव्हा हिरव्या पृष्ठभागावर दोन लाल डोकी तेवढी दिसतात, आणि फोटो पाहणारा विचारतो, "यात सारस कुठे?" रोवणीच्या आधी, चिखलणी झालेल्या बांधीत पाणी साचलेलं असताना, सकाळी वारा पडलेला असेल तर पूर्ण पक्षी मिळतो आणि खाली त्याचं प्रतिबिंबही. तेव्हा चौकट उभी धरावी आणि प्रतिबिंबाची चोच खालून कापली जात नाही ना, हे पाहावं. धानकटाईनंतर लाखोरीच्या वावरातही पाय दिसतात, पण तिथे ऊन चढलं की जमिनीवरून झळ उठते आणि सारसाची कड वितळू लागते. त्याला लेन्स जबाबदार नसते. दुकानदाराशी भांडू नये.

उजेडाबद्दल एकच सांगतो. काळ्या पाण्यासमोरचा फिका सारस कॅमेऱ्याला समजत नाही. तो पाणी उजळवायला जातो आणि पक्ष्याची पांढरट पिसं व लाल डोकं दोन्ही जाळून टाकतो. उजेड अर्ध्या-पाऊण स्टॉपने खाली घ्यावा. उलट तो पांढऱ्या आभाळावर उडत असेल तर तितकाच, किंवा थोडा जास्त, वर. जोडी घ्यायची तर एफ आठच्या आसपास थांबावं, नाहीतर नवऱ्याचा डोळा स्पष्ट आणि बायको धुक्यात, असा संसार चौकटीत उतरतो.

अंतराबद्दल मात्र एका वाक्यात भागणार नाही, कारण या शास्त्रातली सगळी पापं तिथेच घडतात. पूर्ण फ्रेमचा कॅमेरा आणि ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली तर १०० मीटरवर आडव्या चौकटीत साधारण ४ मीटर उंची मावते. म्हणजे पावणेदोन मीटरचा सारस तेवढ्या लांबूनही चौकटीची चाळीस टक्के उंची भरतो, आणि वरखाली उरलेल्या जागेत धुरा, पाणी, आभाळ आणि परवानगी न घेता आलेले बगळे बसतात. ही जागा रिकामी नसते. सारस तिथे राहतो. हे गणित एका गृहस्थांना धुऱ्यावर समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि आणखी वीस पावलं पुढे गेले. सारस काही पावलं धावला, मान पुढे सरळ ताणून उडाला आणि पार पलीकडच्या बांधीत उतरला. वावराचे मालक बाजूलाच काम करत होते.

"काय पाहून राहिले जी?"

"सारस, काका."

"थे त रोजच राहते इथं. तुमी आले, म्हनून गेले."

अंतराविषयी याहून नेमकं मार्गदर्शन माझ्या वाचनात नाही.

घरट्याचा फोटो कसा काढावा, असंही विचारतात. काढू नये. पावसाळ्यात धानातच किंवा तळ्याच्या कडेला गवत-काड्यांचा ढीग रचून त्यात बहुधा दोन अंडी असतात, आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतो. आपण चारी बाजूंनी धान तुडवत गेलो की कावळ्या-कुत्र्यांना आयती पायवाट मिळते. म्हणून गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आपणही फोटोखाली 'गोंदिया जिल्हा' एवढंच लिहावं. नाहीतर पुढच्या रविवारी त्याच धुऱ्यावर गाड्यांची रांग लागते आणि धानाचं नुकसान कोणाच्या नावे लिहायचं, हे ठरत नाही. फोटो काढायची फारच खुमखुमी असेल तर परसवाड्याच्या किंवा झिलमिलीच्या तळ्यावर हिवाळी बदकं आहेत. सारस झाडावर बसलेला हवा, अशी मागणीही येते. त्याचं मागचं बोट एवढंसं आणि वर उचललेलं असतं, फांदी त्याला धरताच येत नाही. तसा फोटो कोणी दाखवलाच तर पक्षी दुसरा आहे किंवा संगणक चांगला आहे.

संगणकाचा विषय निघालाच आहे, तर तारांबद्दल. वावरावरून गेलेली विजेची तार प्रत्येक चौकटीत येतेच, आणि हल्ली ती एका बोटाने पुसता येते. पुसू नये. या जिल्ह्यात सारस मरण्याच्या कारणांत त्याच तारा आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची घटती संख्या पाहून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, त्यात या वीजवाहिन्यांचा प्रश्न होता. अंतर्गत सजावटीसाठी फोटो हवा असेल तर तार कापून घ्या. सारसाचा फोटो हवा असेल तर तार त्याच्या चोचीपासून किती वर आहे, हे मोजता येईल असा काढा. रचनेच्या दृष्टीने ती आडवी रेघ खटकते, हे खरं आहे. सारसालाही खटकते.

आता सर्वोच्च क्षण. जोडी एकत्र ओरडते तेव्हा दोघांच्या माना आणि चोची आभाळाकडे सरळ उभ्या होतात. नर पाठीवरचे पंख उचलतो, मादी सहसा उचलत नाही, आणि नराच्या एका आवाजाला मादीचे दोन येतात. नर-मादी ओळखायची हीच हमखास वेळ, एरवी तेही दोघंच जाणोत. चोचींच्या वर भरपूर जागा सोडून चौकट आधीच लावून ठेवावी, कारण आवाज ऐकून कॅमेरा उचलणाऱ्याला संपलेल्या गाण्याचे फोटो मिळतात. आधी लावून ठेवायची म्हणजे तास-दीड तास काहीही न करता बसायचं. याच जिल्ह्यात, नवेगाव बांधला, मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून वर्षानुवर्षं बसले. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा पाण्याचा आणि पाखरांचा जाणकार त्यांना तिथेच भेटला. त्याही आधी बादशहा जहांगीर आपल्या सारसांच्या जोडीपुढे बसायचा आणि अंडी किती दिवस उबवली, रात्री कोण बसलं, दिवसा कोण, हे रोजनिशीत लिहून ठेवायचा. पदरी मन्सूरसारखा पाखरांचा चितारी होता, तरी त्याला घाई नव्हती. आपल्याकडे मात्र सेकंदाला वीस फोटो काढणारं यंत्र असतं आणि सव्वानऊला नाश्ता.

शेवटी मथळा. जहांगीरने आपल्या जोडीचं नाव लैला-मजनू ठेवलं होतं, तेव्हापासून ही सवय सुटलेली नाही. 'जन्मोजन्मीची साथ', 'अखंड सौभाग्य' वगैरे लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जोडी दीर्घकाळ टिकते, यात शंका नाही. पण सारसांचे अभ्यासक के. एस. गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतात अधूनमधून तीन प्रौढ सारस एकत्र राहताना, तिघांनी मिळून ओरडताना आणि पिल्लं वाढवताना नोंदवले आहेत. तेव्हा चौकटीत जोडीशेजारी तिसरा मोठा सारस आला, तर तो कडेला आहे म्हणून कापू नये. लाल डोक्याऐवजी तपकिरी असेल तर ते पिल्लू. लाल असेल तर नात्याच्या चौकशीत न पडता 'सारस, ३ नग, गोंदिया जिल्हा' असं लिहावं, आणि म्हैस असल्यास तिचाही उल्लेख करावा.