फिल्टरच्या पोटात

मोटारसायकलवर सामान बांधायला बसलं की माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो. माझा बायकोला केव्हाच कळलेला आहे, म्हणून ती त्या वेळी शेजारी जाऊन बसते. बुलेटच्या दोन बाजूंना दोन सॅडलबॅगा, मागच्या सीटवर तंबू आणि स्लीपिंग बॅग, वरून बंजी कॉर्डची जाळी. एवढ्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी दोन रात्रींचा संसार थाटायचा. टॉर्च, रेनकोट, पंक्चरचं किट यांना पर्याय नाही. भांडण होतं ते कॉफीच्या सामानावरून, आणि तेही माझं माझ्याशीच.

पहिल्या खेपेला काचेची फ्रेंच प्रेस नेली. तान्ह्या बाळासारखी दोन टॉवेलांत गुंडाळून. घोटीला चहासाठी थांबलो तेव्हा उघडून पाहिली, खुशाल होती. पुढच्या कुठल्यातरी खड्ड्यानंतर नुसते टॉवेल खुशाल राहिले. दुसऱ्या खेपेला दुधाची पिशवी फुटली आणि रेनकोटला विरजण लागलं. तिसऱ्या खेपेला मात्र मी अभ्यास करून निघालो. हाताने फिरवायची चक्की, बगळ्याच्या मानेची किटली, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा. बंदोबस्त इतका चोख की सामानात पँटला जागा उरली नाही. एक होती ती अंगात होती, आणि संध्याकाळी पाऊस आला.

सकाळी तंबूबाहेर ओल्या पँटनिशी मी पंधरा ग्रॅम बिया मोजत होतो. गावातला एक पोरगा गुरं थांबवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, सोनं इकताय का?" माझी चक्की फिरवून व्हायच्या आत त्याची आई आम्हाला चुलीवरचा चहा देऊन, कप परत नेऊन, विसळूनही मोकळी झाली होती.

त्या दिवशी मला बाबा बुदन आठवले. सतराव्या शतकात मक्केहून परतताना येमेनमधून त्यांनी कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. कुणी म्हणतं कमरेला बांधून, कुणी म्हणतं दाढीत. ते डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. म्हणजे आपल्या देशात कॉफी आली तीच मुळी सामानाला जागा नसताना. त्या माणसाने एका देशाची कॉफी दाढीत आणली, आणि मला दोन कपांसाठी दोन सॅडलबॅगा पुरेनात.

मग माटुंग्याला जाऊन स्टीलचा साधा मद्रासी फिल्टर घेतला. वरचं भोकाचं भांडं, खालचं बिनभोकाचं, आत छत्रीसारखी दाबायची चकती आणि झाकण. मोडण्यासारखं त्यात काही नाही. पडलाच तर पोचा येतो आणि पोच्याने कॉफीची चव बिघडत नाही. पण त्याचा खरा गुण मला ओट्यावर कळला. तो पोकळ आहे. वरच्या भांड्यात शुक्रवारी रात्री दळून आणलेल्या पावडरीची पुडी बसते. खालच्या भांड्यात दुधाची पावडर, साखर आणि एक जायफळ. अख्खा फिल्टर छोट्या पातेल्यात, आणि पातेल्याच्या कडेने उरलेल्या फटीत लायटर, चमचा आणि मोज्यांचा एक जोड. मोजे धुतलेले. हे बायकोने दोनदा विचारलं म्हणून इथेही सांगतो.

भंडारदऱ्याला पाणी घरच्यापेक्षा दोन-अडीच अंश आधीच उकळतं, कारण दर तीनशे मीटर चढलं की उकळीचा साधारण एक अंश कमी होतो. कॉफीला नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी मानवतं. तेव्हा उकळी आली की पातेलं खाली उतरवायचं, वीस-तीस सेकंद कळसूबाईकडे बघायचं आणि मग ओतायचं. थर्मामीटर नको. लडाखला साडेचार हजार मीटरवर पाणी पंच्याऐंशीच्या आसपासच उकळून मोकळं होतं. तिथे पावडर जरा बारीक दळून न्यावी आणि धीर जास्त न्यावा. त्याला जागा लागत नाही.

धीर इथेही लागतोच. पावडरीत चिकोरी असेल तर फिल्टर आणखी सावकाश गळतो. पंधरा मिनिटं थेंब थेंब. शहरात या पंधरा मिनिटांत मी चारदा झाकण उघडून बघतो. इथे तेवढ्यात तंबूचे खुंटे उपटून होतात, कापडावरचं दव झटकून होतं, साखळीला तेल घालून होतं, आणि हात पुसेपर्यंत खाली काळाभोर अर्क तयार असतो.

राहता राहिलं जायफळ. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली. आई पाहुण्यांना "चहा की कॉफी?" असं विचारायची, पण 'चहा' शब्दावर इतका जोर द्यायची की शहाणा पाहुणा चहाच मागायचा. किसणी मी आणली नव्हती. एक खरबरीत काळा दगड धुतला आणि सहाणेवर उगाळावं तसं जायफळ चार वेळा फिरवलं. बोटाने निपटून कपात. कॉफीचे जाणकार याला गुन्हा म्हणतील. पण जलाशयावरून धुकं उठत असताना त्या वाफेला आमच्या माजघराचा वास आला, आणि तो वास आणायला सुपारीएवढी जागा लागली होती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: गाडीवर पोकळ वस्तू रिकामी न्यायची नाही. अपवाद हेल्मेटचा, त्यात डोकं असावं लागतं. आणि वाचकहो, एवढं करा: कॉफीचा चोथा पाण्यात किंवा झाडाखाली फेकू नका, पुडीत बांधून घरी न्या. जागा नाही ही सबब चालणार नाही. परतीच्या वाटेवर फिल्टर रिकामाच असतो.