रद्दराव

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असा असतो, की ज्याच्या घरात बसायला धड सोफा नाही, आणि सोफ्यावर बोलायला त्याच्याइतका अधिकारी माणूस पंचक्रोशीत नाही. आमच्या डोंबिवलीत त्यांना रद्दराव म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणाला लागत नाही.

रद्दरावांना फर्निचर आवडत नाही असं मुळीच नाही. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया, कुठलाही मुहूर्त जवळ आला की ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराची वाट धरतात. कपाट दाखवलं की इतर गिऱ्हाइकं आरशात बघतात. रद्दराव कपाटाची पाठ बघतात. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून उलटा करतात, तळाच्या कडेवर नख घासतात, मग बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी ठोकून कान लावतात.

"अस्सल सागवान आहे साहेब."

"पुढून आहे. मागे पार्टिकल बोर्ड आहे. बिलावर काय लिहिणार?"

इथे दुकानदार पोऱ्याला एसी वाढवायला सांगतो.

बिल हा रद्दरावांचा हळवा विषय. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर पडतील" हे वाक्य ऐकायला ते मुद्दाम रेंगाळतात. ते एकदा कानावर पडलं की, बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे ते दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात. मग बिलावर लिहून घेतात : लाकूड कोणतं, माप किती, माल घरी कोणत्या तारखेला, आणि ऑर्डर रद्द केली तर किती कापणार. शेवटच्या प्रश्नाला दुकानदाराचा चेहरा बोहल्यावर पोटगीचा आकडा विचारल्यासारखा होतो.

तारीख उलटली की रद्दरावांना खरी तरतरी येते. दुकानदारांची कारणं त्यांना ऋतूंप्रमाणे पाठ आहेत. आधी पॉलिशवाला गावाला जातो, तो आला की हवा दमट होते आणि पॉलिश सुकत नाही, ते सुकलं की टेम्पो "आत्ताच निघालाय". रद्दराव फोनवर कधी आवाज चढवत नाहीत. फोन ठेवला की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकतात : "आत्ता आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे, सोफा दि. १२ रोजी पोचता होईल असं आपण सांगितलंत. कृपया पोच द्यावी." पुढे ग्राहक आयोगात हेच पुरावा म्हणून कामाला येतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरही आहे. पण सवय अंगात इतकी मुरली आहे की मागे त्यांच्या मेहुण्यालाही संदेश गेला : "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे आपण रविवारी जेवायला येत आहात. कृपया पोच द्यावी." मेहुणा आला नाही.

दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दिसली की ते आधी गणपतीला नमस्कार करतात आणि मग पाटीचा फोटो काढतात. माल सदोष निघाला तर ही पाटी दुकानदाराला वाचवत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. "पैसे नाही, क्रेडिट नोट घ्या" या तोडग्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आहे : "म्हणजे पुन्हा तुमच्याकडेच फसायचं?"

ऑनलाइन कंपन्यांवर त्यांचा दात जरा जास्त. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, ऑर्डर पक्की झाल्यावर ग्राहकानं ती रद्द केली म्हणून शुल्क लावायचं असेल, तर कंपनीनं आपल्या मर्जीनं ऑर्डर रद्द केल्यावर तिलाही तसंच सोसावं लागतं. "आम्ही रद्द केली की दंड, आणि यांनी केली की नुसतं 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'? चालायचं नाही."

इथवर वाचून कुणाला वाटेल, की रद्दरावांकडे गेलं की कुठलीही ऑर्डर रद्द होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी भिंतीच्या मापानं कपाट करायला टाकलं, वीस हजार आगाऊ दिले आणि नणंद म्हणाली, "रंग दवाखान्यासारखा वाटतो." झालं! वहिनी बिल घेऊन खाली आल्या.

"भाऊजी, रद्द करायचंय."

"माल उशिरा आला? खराब आहे? सांगितलं एक, दिलं दुसरं?"

"नाही हो. मन बदललं."

"त्याला कलम नाही, वहिनी."

मापाबरहुकूम केलेलं कपाट दुकानदार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार? पण म्हणून सगळे वीस हजार गिळायचे, हेही रद्दरावांना मंजूर नव्हतं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार मोडणाऱ्याकडूनही भरपाई घ्यायची ती वाजवीच. ते कारखान्यात जाऊन उभे राहिले. प्लायवूड कापून झालं होतं, लॅमिनेट अजून आलंच नव्हतं. प्लायवूडचे आणि सुताराच्या मजुरीचे पैसे दुकानदाराकडे ठेवायला लावून बाकीचे त्यांनी वहिनींना मिळवून दिले. बाहेर पडताना दुकानदारानं त्यांना चहा पाजला. माझं विचाराल तर रद्दराव खरे शोभतात ते इथे. कायद्याचं बोट धरून दुकानदाराच्या खिशात हात घालणारे पुष्कळ असतात, हा माणूस त्यांतला नाही.

त्यांच्या सौभाग्यवतींचं मत वेगळं आहे. "आमचं लग्न चौऱ्याऐंशी सालचं," त्या सांगतात, "आणि ग्राहकांचा पहिला कायदा आला शहाऐंशीत. थोडक्यात हुकलं."

दुकानदार अगदीच दाद देत नसेल तर रद्दराव आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला लावतात, मग लेखी नोटीस, मग जिल्हा आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. तारखांचं म्हणणं बरेचदा वेगळं पडतं, हेही ते लपवत नाहीत.

तक्रार करायला कायद्यानं दोन वर्षांची मुदत दिली आहे. रद्दराव मात्र संध्याकाळी सात ते साडेआठ एवढाच वेळ देतात. येताना बिल आणा. बिल नसेल तर निदान पैसे दिल्याचा यूपीआयचा पुरावा तरी आणा. आणि दुकानदाराला टोकन द्यायच्या आधीच आलात, तर उत्तम.