दाजींची टेप आणि लॅमिंग्टन रोड

साताऱ्याचा माणूस लॅपटॉप साताऱ्यात घेत नाही, त्यासाठी पुण्याला येतो. पुण्याचा मुंबईला जातो. मुंबईचा घरी बसून ऑनलाइन मागवतो आणि तो भिवंडीच्या गोदामातून येतो. कोणतीही वस्तू आपल्या गावात महाग आणि दुसऱ्याच्या गावात स्वस्त असते, हा मराठी माणसाने अर्थशास्त्रात मांडलेला एकमेव स्वतंत्र सिद्धान्त. आमचे दाजी त्याचे कट्टर अनुयायी. त्यामुळे त्यांच्या लेकीला, मुक्ताला, पुण्यात सिव्हिलला प्रवेश मिळाल्याचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी मला फोन केला. "पाव्हणं, डेक्कन क्वीनची तिकिटं काढा. लॅमिंग्टन रोडला जायचंय. रविवार नको, रविवारी निम्मी दुकानं बंद."

दाजी म्हणजे ताईचे यजमान. उभी हयात वजनमापे खात्यात गेली. आता त्या खात्याला वैध मापन शास्त्र म्हणतात, पण मंडईत अजूनही "वजनमापेवाले आले" एवढं कानावर पडलं की काटे आपोआप सरळ होतात. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत म्हणून नजर निवळली असेल, असं समजू नये. त्यांच्या पिशवीत स्टीलची टेप आणि आकड्याला सामान टांगून वजन करायचा एक छोटा काटा कायम असतो. हे कशाला, असं मी पुणे स्टेशनवर विचारलं, तर म्हणाले, "माल घ्यायला चाललोय ना?"

कॉलेजच्या माहितीपत्रकात लॅपटॉपबद्दल एकच ओळ होती: विद्यार्थ्याकडे योग्य लॅपटॉप असावा. योग्य म्हणजे काय, हे ठरवायचं काम कॉलेजने मोठ्या मनाने समाजावर सोडलं होतं. आणि समाज सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये बसूनच होता.

ही गाडी 1930 पासून पुण्याच्या माणसांना मुंबईला पोचवते आहे. तेवढीच वर्षं त्या माणसांना मुंबईबद्दल सगळं ठाऊक आहे. दाजींनी शिवाजीनगर यायच्या आत विषय जाहीर केला आणि डब्याने तो ताब्यात घेतला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "आय-सेव्हनच घ्या. पुढे प्रश्न नको." कसला प्रश्न, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या शेजारच्या तरुणाने कानातलं काढून एकच शब्द उच्चारला, "मॅक." मुक्ता म्हणाली, "रेव्हिट मॅकवर चालत नाही. सिव्हिलला लागतं." तरुणाने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मग ब्रँच बदल," म्हणाला आणि कानातलं पुन्हा घातलं.

डायनिंग कारमधून कटलेट आलं तेव्हा समोरच्या काकूंनी तोंड उघडलं. "आमच्या राहुलनं चार वर्षं त्याच्यावर सिनेमे बघितले हो. तुम्ही स्क्रीन चांगली बघा." अख्ख्या प्रवासात अनुभवावर आधारलेला सल्ला एवढाच मिळाला. दाजींनी तो वहीत लिहून घेतला.

दादरला उतरून आम्ही पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरली. एल्फिन्स्टन साहेबाचं स्टेशन आता प्रभादेवी झालंय. ग्रँट साहेब मात्र अजून टिकून आहेत. लॅमिंग्टन साहेबांची गोष्ट तिसरीच: पाटीवर रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर तो आपल्यालाच पत्ता विचारतो.

रस्त्यावर पाऊल टाकताच दोन्ही बाजूंनी विचारणा सुरू झाली. "लॅपटॉप? सीसीटीव्ही? क्या चाहिए, काका? अंदर आओ, देखने का पैसा नहीं." वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, उघड्या सर्किटांचे ट्रे, आणि मधल्या दीड फुटातून वाट काढणारी हातगाडी. दाजी मात्र रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. "मिनर्व्हा कुठं होतं?" एका पोऱ्याने हात हलवला, "वो तो टूट गया, काका." दाजींचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांनी मुंबईत कामाला असताना 'शोले' तिथेच पाहिला होता. 1975 साली लागलेला तो सिनेमा तिथे पाच वर्षं चालला, आणि सत्तर एमएमच्या त्या पडद्याच्या गोष्टी ऐकतच दाजी वाढले. आपल्या मुलीचा पडदा आता पंधरा इंचांवर आलाय, ही घसरण त्यांच्या मनाला लागली होती.

पहिलं दुकान जिन्याखाली होतं. तिथे जुने लॅपटॉप पुसून, चकचकीत करून ठेवले होते. बड्या कंपन्यांतून निघालेला माल, अठरा हजारांपासून पुढे. दुकानदार म्हणाला, "सहावी पिढी आहे, काका. आय-फाइव्ह."

"आणि चालू पिढी कितवी?"

"तेरावी, चौदावी आली. त्यापुढे कंपनीने नावंच बदलली."

दाजींनी बोटं मोजली. "म्हणजे मधे सात पिढ्या गेल्या. सुतकसुद्धा उरलं नाही." मुक्ताने हळूच सांगितलं की विंडोज अकरा आठव्या पिढीच्या आधीच्यांना घरात घेत नाही. दुकानदार म्हणाला, "आम्ही घालून देतो ना." हे वाक्य दाजींनी नोकरीत बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं होतं. आम्ही बाहेर पडलो.

खरी लढाई झाली ती पहिल्या मजल्यावरच्या दुकानात. शेठ गल्ल्यावर, दोन पोरं शिडीवर, आणि मधल्या काचेच्या टेबलावर उघडे लॅपटॉप ओळीने. शेठनी एक पुढे सरकवला. "पंधरा पॉइंट सहा इंच, फुल एचडी."

दाजींनी पिशवीतून टेप काढली. पडद्याच्या डाव्या कडेला लावली, उजव्या कडेपर्यंत ओढली, चष्मा वर केला. "साडेतेरा. वर एक सूत."

दुकानात शांतता पसरली.

"दोन इंच कमी आहे," दाजी म्हणाले. हा आवाज मी ओळखतो. याच्यानंतर पंचनामा होतो.

"काका, ते तिरकं मोजतात," शेठ म्हणाले. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत."

दाजींनी तिरकं मोजलं. पंधरा पूर्णांक सहा बरोबर भरलं. पण समाधान झालं नाही. "उद्या कापडवाला तिरकं मोजून देईल, घ्याल का तुम्ही?" शेठ गुजराती होते, कापडाचं उदाहरण त्यांना वर्मी लागलं. त्यांनी चहा सांगितला.

चहा येईस्तोवर मुक्ताने सेटिंगमध्ये जाऊन साठवणुकीचा आकडा बघितला. खोक्यावर 512 जीबी, आत 476. दाजींनी कप खाली ठेवला. छत्तीस जीबी गेले कुठे? शेठनी शिडीवरच्या पोराकडे बघितलं, पोराने छताकडे. शेवटी मुक्तानेच समजावलं. बनवणारे हजाराचा पाढा धरतात, विंडोज एक हजार चोवीसचा. माल तेवढाच असतो, मापं दोन. दाजी बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "पाव्हणं, शेर आणि किलो एकाच दुकानात चालवल्याबद्दल मी माणसं कोर्टात उभी केलीत."

बॅटरीचं तेच. खोक्यावर दहा तास. बारीक अक्षरांत 42 वॅट-अवर. दाजींनी विचारलं, काम करताना खातो किती? पोरगा म्हणाला, दहाएक वॅट. "बेचाळीस भागिले दहा. चार तास बारा मिनिटं." वहीत नोंद झाली. दहा तास हवे असतील तर पडदा अंधुक करून एकच व्हिडिओ बघत बसायचा आणि बाकी काही करायचं नाही. राहुलने चार वर्षं नेमकं हेच केलं होतं.

मग छापील किंमत आली. अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे नव्वद, आणि शेठ मागत होते एकोणसाठ. इथे दाजींची खरी पंचाईत झाली. छापील किमतीपेक्षा रुपया जास्त घेतला म्हणून त्यांनी आयुष्यभर दंड केले. वीस हजार कमी घेणाऱ्यावर कोणतं कलम लावायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. त्यांनी निषेध म्हणून खोक्यावरचं सगळं लेबल वाचून काढलं. आयात करणाऱ्याचा पत्ता, महिना, साल, तक्रारीचा नंबर, आणि निव्वळ परिमाण: एक नग. "हे तेवढं बरोबर आहे," म्हणाले.

हे सगळं चालू असताना मुक्ता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिचं परीक्षण निराळंच. ती झाकण एका बोटाने उघडायची. बूड सोबत उचललं गेलं की पुढचा. मग कळफलकाच्या मध्यावर अंगठा दाबायची. पाटी खाली वाकली की पुढचा. मग पडद्याकडे बाजूने, वरून, खालून बघायची. एका लॅपटॉपवरची हिरवी झाडं वाळल्यासारखी दिसत होती. "पंचेचाळीस टक्के एनटीएससी," ती पुटपुटली. रंगांमध्येही माप मारतात हे कळल्यावर दाजींनी टेप पिशवीत ठेवून दिली. रंगाला ती पुरत नव्हती.

पोराने तिच्यापुढे एक चकचकीत नग आणला. "एकदम लेटेस्ट, सात हजारवाली सिरीज." मुक्ताने चार आकडी नंबर वाचला आणि तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "इथे दोन आहे. पहिला आकडा कधी बाजारात आणला ते सांगतो, आतली बनावट तिसरा सांगतो. ही 2019 ची." दाजींनी माझ्या दंडाला धरलं. मुलगी पहिली आली तेव्हाही त्यांचे डोळे असे भरले नव्हते.

"आणि यातली रॅम सोल्डर केलीय का? की एक खाच रिकामी आहे?"

शेठ गल्ल्यावरून पहिल्यांदाच उठले. गिऱ्हाईक बाप नसून लेक आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. बापांसाठी ठेवलेला माल मागे गेला आणि आतून वेगळी खोकी आली.

तिची मागणी साधी होती. रेव्हिटला सोळा जीबी लागते, तेवढी हवी; आठची असेल तर दुसरी घालता आली पाहिजे. एसएसडी हवी. विंडोज मूळचं हवं. होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्यामुळे लाल दिवे लागणारा, गेम खेळायचा तो राक्षस नको. शेठनी तरी तो दाखवलाच. "सिव्हिल के लिए ग्राफिक कार्ड मंगता है, बेटा." दाजींनी काटा काढला, राक्षस पिशवीत घालून आकड्याला टांगला. दोन किलो तीनशे. चार्जर वेगळा, पाचशे साठ. "जवळजवळ तीन किलो," दाजी म्हणाले, "एवढे बटाटे घेऊन रोज तीन मजले चढायला ती काय मेस चालवणार आहे?"

माझ्या मते पुढचा प्रश्न खरं तर इथेच मिटला होता. पण मराठी माणसाने पसंती आणि खरेदी यांच्यामध्ये घासाघीस केली नाही तर वस्तू लाभत नाही. दाजींनी एकोणसाठवरून सुरुवात केली, जिना उतरून दाखवला, परत चढले. "बॅग फ्री, माऊस फ्री, अँटीव्हायरस फ्री," शेठ म्हणाले. अँटीव्हायरस विंडोजमध्ये असतोच, असं मुक्ता म्हणाली. "मग त्याचे पैसे कमी करा," दाजी म्हणाले. जी वस्तू फुकट होती, तिचे पैसे त्यांनी पाचशे वजा करवले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी एक किलो सहाशे चाळीसचा, एक रॅमची खाच रिकामी असलेला, राखाडी रंगाचा नग सत्तावन्न हजार पाचशेला ठरला. जीएसटीचं बिल घेतलं. वॉरंटीची तारीख दाजींनी दोनदा वाचली. निघताना शेठनी विचारलं, "साहेब, आप कौन से डिपार्टमेंट में?" दाजींनी सांगितलं. शेठनी हात जोडले आणि माऊसपॅडही दिलं.

परतीच्या डेक्कन क्वीनमध्ये खोकं मांडीवर होतं आणि घरी जाईपर्यंत ते उघडायचं नाही असं ठरलं होतं. ठाण्याच्या आसपास ते उघडलं. ताईला फोटो हवा होता. मुक्ताने बटण दाबलं, पडदा निळा झाला, त्याने आधी देश विचारला, मग कळफलक, आणि मग म्हणाला: इंटरनेटला जोडा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दाजींनी आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं. कर्जत आलं. मागे ढकलायला इंजिनं लागली, गाडी घाट चढू लागली आणि बोगदे सुरू झाले.

बोगद्यात नेट जायचं. बाहेर आलं की यायचं. पडद्यावर 'क्षणभर थांबा' अशा अर्थाचं इंग्रजी यायचं, टक्का एकाने पुढे सरकायचा, की पुन्हा अंधार. दाजी मोबाइल खिडकीच्या गजांतून बाहेर धरून बसले होते. शेजारपाजारचे लोक टक्केवारी मोठ्याने म्हणू लागले. "चोवीस! ... गेलं. ... पंचवीस!" चिक्कीवाला पण थांबला. कुणीतरी म्हणालं, विमानात नेट असतं. कुणी म्हणालं, मॅक घेतला असता तर ही वेळ आली नसती. आवाजावरून तो सकाळचाच तरुण असावा.

खंडाळ्यानंतर गाडी मोकळ्यात आली आणि पडदा एकदाचा उघडला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी एवढा वेळ दाबून ठेवलेला प्रश्न आता विचारला. "कितीला पडला?"

"सत्तावन्न हजार पाचशे. बिलासकट," दाजी म्हणाले. स्वरात लॅमिंग्टन रोड जिंकल्याचं समाधान होतं.

"माझ्या साडूनं हाच घेतला. नेहरू प्लेसमधून. दिल्ली." गृहस्थांनी चिक्कीचा तुकडा मोडला. "पंचावन्न."

मुक्ताने हेडफोन लावले. दाजींनी वही काढली, पेन शोधलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "गोवा एक्सप्रेस साताऱ्याला थांबते. थेट निजामुद्दीन. धाकट्याची बारावी पुढच्याच वर्षी आहे ना?"