द्वारपालाची विजेरी

१९१९ चे विलिंग्डन आणि १९४७ चे वालचंद या महाविद्यालयांच्या सान्निध्यात वाढलेल्या सांगलीच्या विश्रामबागेत मुंबई-गोव्याच्या नाईटक्लबांची उणीव परमिट रूम यथाशक्ती भरून काढीत असते. आणि अशा आस्थापनांचे मालक दर्शनी भागावरील जांभळ्या रोषणाईला विनातक्रार मंजुरी देऊन, द्वारपालाच्या खिशातील विजेरीचा प्रश्न निघताच जी करारी काटकसर अंगी आणतात, तिची दखल अर्थशास्त्राने घ्यावयास हवी. बिअरला एकवीस आणि कडक मद्याला पंचवीस वर्षे पूर्ण हवीत, असा सरकारी दंडक असल्याने ओळखपत्रावरची जन्मतारीख वाचणे हे या बापड्याचे आद्य कर्तव्य. त्याला मंद, पसरट उजेड आणि वाण्याकडे मिळणारे दोन पेन्सिल सेल पुरेत. परंतु पसंतीस उतरते ती खोक्यावर हजारो ल्युमेनची बढाई मिरविणारी स्वस्त विजेरी, जिचा मंद प्रकाश गाठण्यासाठी आधी प्रखर झोत आणि लुकलुकाट अशी दोन स्थानके ओलांडावी लागतात. तोवर गिऱ्हाईक आंधळे होते, आणि तारीख कोणीच वाचत नाही! डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधील पबच्या आगीत चौदा जीव गेले, तेव्हा धुरात बाहेरची वाट दाखविणाऱ्या उजेडाचे मोल काय, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले होते. मालकांनीही वाचले असावे. विजेरी मात्र अद्याप किरकोळ खर्चाच्या सदरात, अगरबत्तीच्या खालोखाल मांडली जाते. आणि तिचे सेल द्वारपालाने पदरचे घालावयाचे असतात.