शिंजीर, साखर आणि गिऱ्हाईक

शिंजीर हा चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर भरणारा पक्षी. वजन दहा रुपयांच्या एका नाण्याच्या आसपास. चोच बारीक आणि खाली वाकलेली, जीभ नळीसारखी आणि टोकाला दुभंगलेली. फुलाच्या तळाशी साठलेला मकरंद ओढायला एवढी हत्यारे पुरतात. कुणी याला सूर्यपक्षी म्हणतात, कुणी फुलचुखी. महाराष्ट्रातल्या शहरांत याच्या दोन जाती सहज दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत लांबून कोळशासारखा काळा दिसतो आणि उन्हात मान वळवली की निळा-जांभळा झळाळतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर वरून किरमिजी, गळ्याशी जांभळा, पोटाशी पिवळाधमक. माद्या दोन्हीकडे साध्या: वरून मातकट, खालून फिकट पिवळ्या.

या पक्ष्याच्या मागावर असलेले गिऱ्हाईकही शहरातच आढळते. ते दिवाळीच्या आगेमागे, रविवारी सकाळी नर्सरीत उतरते, मोबाइल पुढे धरून चालते आणि कुंडीला अडखळते.

गिऱ्हाईक : काका, हमिंगबर्ड येईल असं एखादं झाड द्या.

नर्सरीवाले : कुठं राहता साहेब?

गिऱ्हाईक : कोथरूडला.

नर्सरीवाले : मग नाही येणार. लांब पडतं त्याला. तो अमेरिकेत असतो.

गिऱ्हाईक : अहो, रोज येतो! हा बघा व्हिडिओ.

नर्सरीवाले : हा शिंजीर. गळ्यावरून पोटावर काळी रेघ आलीय, ती दिसते का?

गिऱ्हाईक : ही मादी ना? आधी एक काळा नर यायचा. पावसाळ्यानंतर दिसेनासा झाला. बहुतेक सोडून गेला हो तो तिला.

नर्सरीवाले : कुठं जातोय! हाच तो. लग्नातला सूट काढून ठेवलाय, आता घरच्या कपड्यांत आहे. फेब्रुवारीत बघा, पुन्हा सूट.

जांभळ्या शिंजिराचा नर वीण आटोपल्यावर चमकदार पिसे टाकतो आणि मादीसारखा दिसू लागतो. गळ्यावरून खाली उतरणारी ती गडद रेघ तेवढी उरते. जांभळ्या पाठीचा शिंजीर मात्र बारा महिने एकाच पोशाखात असतो. हमिंगबर्डशी दोघांचेही नाते नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतो आणि त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांसारखा गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. दोघांचा धंदा एक म्हणून चोचीची ठेवण सारखी झाली, एवढेच. फरक कळीचा आहे तो जेवणाच्या रीतीत. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. शिंजीर क्षणभर पंख फडफडवत तरंगू शकतो, पण पोटभर प्यायचे तर त्याला फांदीवर पाय टेकायला हवेत. हा फरक माहीत नसल्याने गिऱ्हाईक ऑनलाइन खरेदी करते.

गिऱ्हाईक : ही बाटली मागवली. लाल बूड, प्लॅस्टिकची पाच फुलं, प्रत्येकाला भोक. महिना झाला, एक पक्षी नाही.

नर्सरीवाले : यात बसायची दांडी कुठंय?

गिऱ्हाईक : दांडी नाहीये. खोक्यावरच्या फोटोतला पक्षी हवेतच आहे.

नर्सरीवाले : तो बुफेवाला. आपला पंगतीतला. पाट लागतो त्याला.

नर्सरीवाले खराट्याच्या दोन काड्या काढतात आणि सुतळीने भोकांच्या खाली आडव्या बांधतात. काडी भोकापासून बोट-दीड बोट खाली असली की चोच बरोबर पोचते.

गिऱ्हाईक : छान. आणि आत मी डाबर... म्हणजे, चांगल्या कंपनीचा मध घातलाय. अस्सल.

नर्सरीवाले : तो पोळीला लावा. यात साखर. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवा, गार करा, भरा.

गिऱ्हाईक : साधी साखर? घरात आणत नाही हो आम्ही. शुगर-फ्री चालेल?

नर्सरीवाले : त्याला पोट भरायचंय साहेब, वजन नाही उतरवायचं.

गिऱ्हाईक : मग गूळ? सेंद्रिय आहे.

नर्सरीवाले : गूळ दोन दिवसांत आंबेल. आंबलेलं पाजायचं असेल तर परवाना लागतो.

एकास चार हे प्रमाण फुलातल्या मकरंदाच्या गोडीच्या जवळ जाते. पाणी मिसळलेल्या मधात बुरशी आणि जंतू झपाट्याने वाढतात, गुळाचे पाणी लवकर फसफसते, आणि खाण्याचा लाल रंग घालण्याचे तर काहीच कारण नसते, कारण लाल बूड पक्ष्याला आधीच दिसलेले असते. शुगर-फ्री गोळीत गोडी असते, ताकद नसते. दिवसभर फुलाफुलांवर उडणाऱ्या एवढ्याशा जीवाला ती फसवणूक परवडत नाही. उन्हाळ्यात पाणी रोज, थंडीत दोन दिवसांनी बदलायचे आणि प्रत्येक वेळी बाटली गरम पाण्याने, बारीक ब्रशने खरवडून धुवायची. बाटली टांगणारे पुष्कळ असतात, धुणारे थोडे. ज्याला धुण्याचा कंटाळा आहे त्याने टांगूच नये, हे उत्तम.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा येते.

गिऱ्हाईक : काका, गर्दी झाली!

नर्सरीवाले : शिंजिरांची?

गिऱ्हाईक : मुंग्यांची. बाटलीपासून भिंतीपर्यंत रांग. मग मी भिंतीवर मुंग्यांच्या खडूनं रेघ मारली, तर त्या छतावरून आल्या.

नर्सरीवाले : तुमच्या आजीच्या फडताळाचे पाय कशात असायचे?

गिऱ्हाईक : ...पाण्याच्या वाट्यांत.

नर्सरीवाले : तीच वाटी उलटीकडून. बाटलीच्या वरच्या तारेत बाटलीचं झाकण ओवा, उपडं नाही, उताणं. भोक मेणानं बुजवा, पाणी भरा. मुंगी तिथवर येईल आणि परत जाईल.

गिऱ्हाईक : आणि मधमाश्या?

नर्सरीवाले : गळती असेल तर येतात. वायसर बदला. आणखी कोण येतं?

गिऱ्हाईक : डोळ्याभोवती पांढरी गोल कड असलेला हिरवा बारका पक्षी. बुलबुलही येतो, तो सगळी बाटली हलवतो.

नर्सरीवाले : बारका तो चष्मेवाला. येऊ दे. दोघंही गोडखाऊच.

साळुंकी मात्र या पंगतीला नको. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पोटात उसाची साखर फोडणारे पाचकद्रव्य नसते. फळांतली साखर त्यांना पचते, वाण्याकडची नाही. बाटलीची भोके बारीक ठेवली की हा प्रश्न आपोआप सुटतो.

शिंजीर बाटलीला येतो, पण आधी परिसराची खात्री करून घेतो, आणि ती खात्री त्याला बाटली देत नाही. ती फुलेच देतात. पक्ष्यांकरवी परागीकरण करून घेणाऱ्या फुलांची एक घडण असते: बहुधा तांबडा किंवा केशरी रंग, नळीसारखा आकार, वास जवळजवळ नाही, आणि तळाशी पातळ, भरपूर मकरंद. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटी अशी फुलते की काठी दिसत नाही, आणि तिच्याभोवती शिंजिरांची भांडणे चालू असतात. मुरुडशेंगेचे फूल उमलते तेव्हा तांबडे असते आणि शिळे झाले की निळसर पडते, जणू दुकानाचे शटर अर्धे ओढलेले. पांगारा, पळस, काटेसावर यांच्यावर तर सगळ्या गावाचे पक्षी असतात. चौथ्या मजल्यावर काटेसावर लावता येत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवायला नर्सरीवाल्यांना दहा मिनिटे लागतात.

गिऱ्हाईक : मग ती भरगच्च जास्वंद द्या. गुच्छाची. पाकळ्याच पाकळ्या.

नर्सरीवाले : पाकळ्याच पाकळ्या, मग आत जायचं कुठून? दारात पंचवीस पडदे लावल्यासारखं. एकेरी घ्या. आणि ही मिरची जास्वंद, उमलतच नाही पूर्ण, पण बारा महिने रसाळ.

गिऱ्हाईक : एकेरीचं फूल मी बघितलंय. शिंजीर समोरून जातच नव्हता. बुडाला भोक पाडून पीत होता.

नर्सरीवाले : लांबलचक फूल असलं की मागच्या दारानं येतो.

गिऱ्हाईक : म्हणजे चोरी! मकरंद घेतो आणि परागकण नेत नाही!

नर्सरीवाले : सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा.

गिऱ्हाईक : बरं, हा फोटो बघा. गावच्या आंब्यावरची फुलं आहेत, नारिंगी, लांब नळ्या. शिंजीर नुसते लोंबकळतायत. हे झाड द्या.

नर्सरीवाले : साहेब, हे बांडगूळ आहे.

गिऱ्हाईक : किती रुपयांना?

नर्सरीवाले : मी बांडगूळ विकायला लागलो तर आंबेवाले मलाच झाडाला बांधतील.

गिऱ्हाइकाची नजर चुकीची नव्हती. बांडगुळाच्या फुलावर शिंजीर येतात, फळावर फुलटोचे पक्षी येतात. एकाने पराग पोचवायचे, दुसऱ्याने चिकट बी फांदीला पुसायचे. कोकणातल्या बांडगुळाच्या या प्रसारावर सालिम अली यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले आणि पुढच्या वर्षी भारतातल्या पक्षी-फुलांच्या नात्याचा मोठा आढावा तिथेच घेतला. आंबेवाल्याच्या शिव्या बांडगूळ आणि पक्षी दोघांनाही पडतात, त्या या दृष्टीने योग्य पत्त्यावर पडतात.

शेवटी गिऱ्हाईक मिरची जास्वंद, एकेरी जास्वंद आणि धायटीचे एक रोप घेते. परसू असलेल्याने केळ आणि शेवगा लावावा; केळफुलाची साल उचलली जाताच शिंजीर हजर असतो आणि शेवग्याच्या पांढऱ्या फुलांनाही तो नाही म्हणत नाही, तांबड्या रंगाचा नियम पुस्तकात ठेवून.

जानेवारीत :

गिऱ्हाईक : मिरची जास्वंदीवर मावा पडलाय. जालीम औषध द्या.

नर्सरीवाले : धंदा बुडतो माझा, पण नका मारू. पाण्याचा फवारा मारा. ते किडे शिंजिराचेच आहेत.

गिऱ्हाईक : तो तर रस पितो ना?

नर्सरीवाले : आईबाप पितात. पोरांना किडे आणि कोळी. नुसत्या सरबतावर पोर वाढतं का कुणाचं?

गिऱ्हाईक : कोळी? दिवाळीला तर मी बाल्कनीतली सगळी जळमटं काढली. माणूस लावून. आठशे रुपये घेतले.

नर्सरीवाले : म्हणजे आठशे रुपये देऊन सिमेंट फेकलंत.

शिंजिराच्या घरट्याचे सिमेंट म्हणजे कोळ्याचे जाळे. गवताचे तंतू, सालीचे कपटे, सुकी पाने, सुरवंटांची लेंडी असा सगळा केर मादी एकटी गोळा करते आणि जाळ्याच्या धाग्यांनी त्याची लोंबती पिशवी विणते. बाजूला दार, दारावर पागोळीसारखी पडवी, आत मऊ कापूस. बाहेरून ते घरटे अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसावे, हीच त्याची सुरक्षा. अंडी बहुधा दोन. मादी दोनेक आठवडे उबवते, पिल्ले आणखी दोनेक आठवड्यांनी उडतात. जांभळ्या शिंजिराचा नर घरटे बांधत नाही आणि उबवतही नाही, पिल्लांना भरवायला मात्र येतो. मधल्या काळात त्याचे काम म्हणजे शत्रू हाकलणे, आणि शत्रू न मिळाल्यास शोधणे.

फेब्रुवारीत :

गिऱ्हाईक : काका, तो सुटात आला. पण त्याला वेड लागलंय. सकाळपासून माझ्या स्कूटरच्या आरशाला चोची मारतोय.

नर्सरीवाले : आरशात दुसरा नर दिसतो त्याला. रोज तेवढाच ताकदवान, रोज तेवढाच हट्टी. हरतही नाही, जातही नाही.

गिऱ्हाईक : मग काय करू?

नर्सरीवाले : आरशाला जुना मोजा घाला. आणि ही बाटली का परत आणलीत?

गिऱ्हाईक : दोघंही आता फुलांवरच असतात. बाटलीकडे बघत नाहीत. धुऊन धुऊन माझे हात दुखले. ठेवा तुमच्याकडे.

मार्चअखेर गिऱ्हाईक धावत येते.

गिऱ्हाईक : घरटं झालं!

नर्सरीवाले : धायटीवर?

गिऱ्हाईक : नाही.

नर्सरीवाले : जास्वंदीवर?

गिऱ्हाईक : कपड्यांच्या दोरीवर. मधोमध. एका बाजूला चादर होती, ती तशीच आहे चार दिवस.

नर्सरीवाले : चादर हळूच काढा, मादी बाहेर गेलेली असताना. दोरीला मग हात नाही. घरटं हलवायचं नाही, डोकावायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. कायदाही आहे, १९७२ चा.

गिऱ्हाईक : किती दिवस?

नर्सरीवाले : आजपासून धरा, महिनाभर.

गिऱ्हाईक : आणि घरातले कपडे?

नर्सरीवाले : गच्ची आहे ना.

गिऱ्हाईक : दोरी मिळेल तुमच्याकडे?

नर्सरीवाले : दोरी हार्डवेअरवाल्याकडे. इथं फक्त झाडं.

गिऱ्हाईक : बरं. हा मनीप्लांट छान आहे. ही लाल बुडाची बाटली कुठंतरी बघितल्यासारखी वाटते.

नर्सरीवाले : इंपोर्टेड आहे. झाडासकट अडीचशे.